बिल्ड सिस्टीम आपला कंपायलर फ्लॅग का ऐकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक सी लायब्ररी सीमेकने, म्हणजे बिल्डच्या फाइली तयार करून देणाऱ्या साधनाने, बिल्ड करायची आहे. तिची बिल्ड सिस्टीम स्वतःच ‘-ओ३’ (ऑप्टिमायझेशनची वरची पातळी) आणि ‘-डब्ल्यूएरर’ (प्रत्येक वॉर्निंगला एरर मानणारा) हे फ्लॅग लावते. विचारणाऱ्याने शेलमध्ये ‘सीफ्लॅग्ज’ या सी कंपायलरच्या फ्लॅगसाठीच्या व्हेरिएबलला ‘-ओ१’ देऊन एक्स्पोर्ट केलं, बिल्ड पुन्हा चालवलं, पण फरक शून्य. दुसऱ्या एका साध्या मेकफाइलच्या प्रोजेक्टमध्ये ‘मेक सीफ्लॅग्ज=-ओ१’ दिलं, तर तिथे फ्लॅग लागला, पण हेडर फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड मोडलं. एकीकडे काहीच ऐकत नाही, दुसरीकडे नको तितकं ऐकतं. असं का?

दोन्हींचं मूळ एकच आहे. कंपायलरला सीमेक, त्याची कॅशे, एन्व्हायर्नमेंटमधला ‘सीफ्लॅग्ज’ यातलं काहीही ठाऊक नसतं. (मायक्रोसॉफ्टचा एमएसव्हीसी आणि क्लँग हे कंपायलर एन्व्हायर्नमेंटमधली आपापली व्हेरिएबल मात्र वाचतात, त्यांच्याकडे पुढे येतो.) त्याच्या हातात शेवटी एकच कमांड लाइन पडते आणि तो ती डावीकडून उजवीकडे वाचतो. आपला फ्लॅग त्या ओळीत आला का, आणि आला तर नेमका कुठे आला, एवढ्या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं. फ्लॅग कुठे लिहायचा याचा विचार त्यानंतरचा. मी बघतो ते बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. एका जागी लिहून बघायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि कधीतरी जमलं की का जमलं हे न कळताच पुढे जायचं. सहा महिन्यांनी तेच पुन्हा मोडतं.

म्हणून आधी ती ओळ डोळ्यांनी बघा. सीमेकने मेकफाइल बनवल्या असतील तर ‘मेक व्हर्बोज=१’, मेकच्या जागी निंजा हे साधन असेल तर ‘निंजा -व्ही’, ऑटोमेक किंवा लिनक्स कर्नल असेल तर ‘मेक व्ही=१’. हाताने लिहिलेली मेकफाइल असेल तर ‘मेक -एन’ काहीही न चालवता सगळ्या कमांड छापून देतो. सीमेकमध्ये ‘सीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स’ चालू केलं की प्रत्येक सोर्स फाइलची पूर्ण कमांड एका जेसन फाइलमध्ये उतरते. ज्या फाइलबद्दल तक्रार आहे तिची ओळ तिथून उचला आणि त्यात ‘-ओ’ने सुरू होणारं काय काय आहे ते शोधा. तुमच्या बाबतीत एकतर ‘-ओ१’ दिसणारच नाही, नाहीतर ‘-ओ१ … -ओ३’ असं दिसेल. या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

‘-ओ’च्या बाबतीत जीसीसीचा, म्हणजे ग्नूच्या सी कंपायलरचा, नियम स्पष्ट आहे: अनेक दिले तर शेवटचा चालतो. यावरून ‘शेवटचा जिंकतो’ हे सूत्र सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे, आणि भाषेची आवृत्ती ठरवणारा ‘-एसटीडी’, प्रोसेसर ठरवणारा ‘-मार्च’ यांनाही ते लागू पडतं. पण सगळ्यांना नाही. हेडर शोधायच्या ‘-आय’ डिरेक्टऱ्या डावीकडून पाहिल्या जातात, म्हणजे तिथे पहिला जिंकतो. लायब्ररी शोधण्याच्या ‘-एल’चंही तसंच. तुमची हेडरची नवी आवृत्ती वापरायची असेल आणि तुम्ही तिची ‘-आय’ ओळीच्या शेवटी टाकली, तर जुनीच हेडर उचलली जाईल आणि कंपायलर तक्रारीचा एक शब्दही काढणार नाही. मॅक्रो ठरवणारा ‘-डी’ आणि तो काढणारा ‘-यू’ ज्या क्रमाने दिले त्या क्रमाने लागू होतात. म्हणून आधीच्या मॅक्रोची किंमत बदलायची असेल तर आधी ‘-यू’ने तो काढून मग ‘-डी’ने नवा द्यावा, नाहीतर पुन्हा व्याख्या केल्याची वॉर्निंग येते, आणि ‘-डब्ल्यूएरर’ असेल तर तीच वॉर्निंग बिल्ड पाडते.

वॉर्निंगच्या फ्लॅगचा नियम आणखी वेगळा आहे आणि तुमच्या ‘-डब्ल्यूएरर’साठी तो फार कामाचा आहे. जीसीसीत जास्त नेमका पर्याय मोघम पर्यायावर मात करतो, मग तो ओळीत कुठेही असो. ‘-डब्ल्यू-नो-एरर’ हा नुसता दिलात तर तो आणि ‘-डब्ल्यूएरर’ यांच्यात जो शेवटी येईल तो चालेल. पण ‘-डब्ल्यू-नो-एरर=डेप्रिकेटेड-डिक्लरेशन्स’ असं वॉर्निंगचं नाव घेऊन दिलंत, तर ‘-डब्ल्यूएरर’ नंतर आला तरी ती वॉर्निंग वॉर्निंगच राहते. म्हणजे ओळीच्या सुरुवातीलाच फ्लॅग घालता येत असेल तरी काम होतं. शिवाय बाकीच्या वॉर्निंगवरचा पहारा उठत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता एक अशी गोष्ट जिने माझे दोन दिवस खाल्ले. मोजमापांच्या मालिकेवर काम करणारी एक लायब्ररी होती. गहाळ नोंदीच्या जागी नॅन (‘ही संख्या नाही’ असं सांगणारी खास किंमत) ठेवायचा आणि सरासरी काढताना ‘इझनॅन’ने तपासून तो वगळायचा, असा तिचा कोड. आमच्या बिल्डमध्ये सरासरीच नॅन येऊ लागली. ओळ बघितली तर तिच्यात ‘-ओ३ -एफफास्ट-मॅथ’ होतं. मी शेवटी ‘-ओ२’ जोडला आणि प्रश्न मिटला असं धरून चाललो. आकडे तसेच्या तसे. शेवटी ऑब्जेक्ट फाइलचं डिसअसेंब्ली, म्हणजे मशीन कोडचं वाचता येणारं रूप, उघडलं, तर ‘इझनॅन’ची तपासणी तिथे नव्हतीच, ती शाखाच गायब. कारण सरळ आहे. ‘-एफफास्ट-मॅथ’मध्ये ‘नॅन आणि अनंत येणारच नाहीत’ हे गृहीतक अंतर्भूत आहे, त्यामुळे कंपायलरने तपासणी कायमची खोटी मानली आणि काढून टाकली. आणि ‘-ओ२’ने फक्त ‘-ओ३’ रद्द केला. जो ‘-एफ’ फ्लॅग कुणी नाव घेऊन दिला आहे तो ‘-ओ’ची पातळी बदलल्याने जात नाही, त्याला त्याचाच नकार द्यावा लागतो: ‘-एफनो-फास्ट-मॅथ’. गंमत म्हणजे तिथे ‘-ओफास्ट’ असता तर नंतरच्या ‘-ओ२’ने त्याच्यासोबत आलेलं फास्ट-मॅथही गेलं असतं, कारण ते पातळीचा भाग म्हणून आलेलं असतं. परिणाम तोच दिसत असला तरी फ्लॅग कोणत्या रूपाने आला त्यावर त्याचा उतारा ठरतो.

आता तुमच्या मेकफाइलकडे. ग्नू मेकमध्ये व्हेरिएबलच्या किमतींची उतरंड ठरलेली आहे. सर्वात वर कमांड लाइनवर दिलेली किंमत, तिच्याखाली मेकफाइलमधली, त्याखाली एन्व्हायर्नमेंटमधली, आणि तळाला मेकची स्वतःची. म्हणून ‘सीफ्लॅग्ज=-ओ१ मेक’ आणि ‘मेक सीफ्लॅग्ज=-ओ१’ या दिसायला जुळ्या कमांड अगदी वेगळ्या वागतात. पहिलीत किंमत एन्व्हायर्नमेंटमधून येते आणि मेकफाइलमध्ये ‘सीफ्लॅग्ज = -ओ३’ असेल तर ती दबून जाते. दुसरीत ती कमांड लाइनवरून येते आणि मेकफाइलमधलं त्या व्हेरिएबलचं प्रत्येक साधं असाइनमेंट निष्प्रभ करते. ‘+=’ने जोडलेलंसुद्धा. तुमच्या मेकफाइलमध्ये कुठेतरी ‘सीफ्लॅग्ज += -आयइन्क्लूड’ असं असणार. तुम्ही कमांड लाइनवर किंमत दिली आणि ती जोडणी हवेत विरली, म्हणून हेडर सापडेना. वर कमांड लाइनवरची ही किंमत मेक आपल्या पोटातल्या उप-मेकनाही पुढे पोचवतो, त्यामुळे खालच्या डिरेक्टऱ्याही त्याच तडाख्यात सापडतात.

यात चूक तुमची नाही, मेकफाइलची आहे. ग्नूच्या कोडिंग मानकांत स्पष्ट म्हटलं आहे की ‘सीफ्लॅग्ज’ वापरणाऱ्याच्या मालकीचा आहे. ज्याशिवाय प्रोग्राम नीट कंपाइल होणार नाही असं काही त्यात ठेवू नये, आणि कंपाइलच्या ओळीत तो शेवटी यावा म्हणजे वापरणाऱ्याला बाकीच्यांवर मात करता येईल. मेकफाइल तुमच्या हातात असेल तर हीच दुरुस्ती करा. आवश्यक फ्लॅग वेगळ्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये हलवा आणि रेसिपीत आधी ते, मग ‘सीफ्लॅग्ज’ असा क्रम ठेवा. मेकफाइलला हात लावायचा नसेल तर तिच्यातली मूळ किंमत वाचून, त्यात आपलं जोडून, पूर्ण ओळ कमांड लाइनवर द्या: ‘मेक सीफ्लॅग्ज="-आयइन्क्लूड -ओ१"’. कुरूप आहे, पण काय चाललंय हे उघड दिसतं. आणखी एक पळवाट काही मेकफाइलमध्ये चालते. ‘सीसी’ हेच व्हेरिएबल बदलून ‘मेक सीसी="जीसीसी -डब्ल्यू-नो-एरर=अनयूज्ड-रिझल्ट"’ असं द्यायचं. फ्लॅग ओळीच्या अगदी सुरुवातीला जातो, म्हणून ‘-ओ’साठी ती निरुपयोगी आहे, पण नाव घेतलेल्या वॉर्निंगसाठी पुरते. मेकफाइल लिहिणाऱ्याने ‘ओव्हरराइड’ हा शब्द वापरून असाइनमेंट केलं असेल तर मात्र कमांड लाइनही हरते. आपली किंमत का टिकत नाही हे कळेनासं झालं तर मेकफाइलमध्ये तात्पुरतं ‘ओरिजिन’ फंक्शन वापरून व्हेरिएबल कुठून आलं ते छापा, किंवा ‘मेक -पी’ने सगळा डेटाबेस बाहेर काढा.

ऑटोटूल्सवाल्या, म्हणजे आधी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालवाव्या लागणाऱ्या, प्रोजेक्टमध्ये हा झगडा सहसा होत नाही, कारण ऑटोमेक वरचं मानक पाळतो. प्रोजेक्टचे फ्लॅग ‘एएम_सीफ्लॅग्ज’मध्ये, तुमचे ‘सीफ्लॅग्ज’मध्ये, आणि तुमचे नेहमी नंतर. तिथे एकच सवय लावून घ्या. ‘कॉन्फिगर’ला किंमत एन्व्हायर्नमेंटमधून न देता आर्ग्युमेंट म्हणून द्या, म्हणजे ती नोंदली जाते आणि कॉन्फिगर पुन्हा आपोआप चाललं तरी टिकते. आणि त्या टप्प्यावर ‘-डब्ल्यूएरर’ कधीही देऊ नका. कॉन्फिगर छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून सिस्टीममध्ये काय आहे ते चाचपतं. त्यातला एखादा किरकोळ वॉर्निंगमुळे पडला की ‘हे फंक्शन इथे नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि बिल्ड गुपचूप वेगळ्याच वाटेने जातं.

सीमेकचं दुखणं वेगळं आहे. सीमेक एन्व्हायर्नमेंटमधला ‘सीफ्लॅग्ज’ वाचतो, पण फक्त त्या बिल्ड डिरेक्टरीत पहिल्यांदा कॉन्फिगर करताना. तेव्हा ती किंमत ‘सीमेक_सी_फ्लॅग्ज’ म्हणून कॅशेत जाते आणि त्यानंतर तुम्ही शेलमध्ये काहीही एक्स्पोर्ट केलंत तरी सीमेक तिकडे बघत नाही. तुमचा ‘-ओ१’ ओळीतच आला नाही तो यामुळे. नवी बिल्ड डिरेक्टरी घेतलीत किंवा ‘-डीसीमेक_सी_फ्लॅग्ज=-ओ१’ दिलंत तर तो येईल.

येईल, पण हरेल. कारण ओळीत चार खण असतात आणि त्यांचा क्रम असा असतो: आधी ‘सीमेक_सी_फ्लॅग्ज’, मग बिल्डच्या प्रकाराचे फ्लॅग, म्हणजे ‘सीमेक_सी_फ्लॅग्ज_रिलीज’ वगैरे, मग टार्गेटला (बिल्डमधून बनणाऱ्या लायब्ररीला किंवा प्रोग्रामला) लावलेले ऑप्शन, आणि सगळ्यात शेवटी एकेका सोर्स फाइलला लावलेले. जीसीसीसाठी रिलीजची मूळ किंमत ‘-ओ३ -डीएनडीबग’ आहे. म्हणजे तुमचा ‘-ओ१’ पहिल्या खणात बसला आणि दुसऱ्या खणातल्या ‘-ओ३’ने त्याला पुसलं. तो ‘-ओ३’ सीमेकच्याच मूळ किमतीतून आला असेल तर उपाय एका ओळीचा आहे: ‘-डीसीमेक_सी_फ्लॅग्ज_रिलीज="-ओ१ -डीएनडीबग"’. ‘-डीएनडीबग’ विसरू नका. तो गेला की कोडमधले सगळे ‘असर्ट’, म्हणजे चालताना होणाऱ्या तपासण्या, जिवंत होतात, आणि मग तुम्ही ऑप्टिमायझेशनचा परिणाम तपासताय की असर्टचा, हे तुम्हालाच कळणार नाही.

लायब्ररीच्या सीमेकलिस्ट्समध्ये ‘सेट’ने हेच व्हेरिएबल पुन्हा लिहिलं असेल तर ते साधं व्हेरिएबल तुमच्या कॅशेतल्या किमतीला झाकून टाकतं. ‘टार्गेट_कंपाइल_ऑप्शन्स’मधून ‘-ओ३’ लावला असेल तर तो तिसऱ्या खणात आहे आणि पहिल्या दोन खणांतून त्याला हरवताच येत नाही. अशा वेळी लायब्ररी तुमच्या प्रोजेक्टमध्ये ‘ॲड_सबडिरेक्टरी’ने आत घेतलेली असेल तर ते बरंच आहे. त्या ओळीच्या खाली तुम्हीच त्या टार्गेटवर ‘टार्गेट_कंपाइल_ऑप्शन्स’ पुन्हा बोलवा, ‘प्रायव्हेट -ओ१’ द्या. तो मागे जोडला जातो आणि जिंकतो. लायब्ररीच्या सोर्सला बोटही लागत नाही. एकाच फाइलपुरतं हवं असेल तर ‘सेट_सोर्स_फाइल्स_प्रॉपर्टीज’ने चौथा खण गाठा. मात्र ही प्रॉपर्टी एरवी त्याच डिरेक्टरीतल्या टार्गेटना दिसते. बाहेरून लावायची तर ३.१८ आवृत्तीपासून आलेला ‘टार्गेट_डिरेक्टरी’ हा पर्याय द्यावा लागतो. तो न दिल्याने ‘प्रॉपर्टी लावली तरी काही होत नाही’ असं म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत.

लायब्ररी स्वतंत्रपणे बिल्ड होत असेल आणि तिची एकही फाइल बदलायची नसेल, तर ‘सीमेक_प्रोजेक्ट_इन्क्लूड’मध्ये आपल्या एका छोट्या फाइलचा पत्ता द्या. ‘प्रोजेक्ट’ ही कमांड झाली की सीमेक ती फाइल वाचतो. तेव्हा टार्गेट अजून जन्मलेलं नसतं, म्हणून त्या फाइलमध्ये ‘सीमेक_लँग्वेज’चा ‘डिफर कॉल’ वापरून ‘टार्गेट_कंपाइल_ऑप्शन्स’ डिरेक्टरीच्या शेवटापर्यंत पुढे ढकला. ३.१९पासून हे चालतं. मला ही युक्ती पॅच सांभाळण्यापेक्षा कितीतरी बरी वाटते, कारण लायब्ररीची नवी आवृत्ती आली तरी ती सहसा मोडत नाही.

तुमच्या ‘-डब्ल्यूएरर’साठी ३.२४पासून कॉन्फिगर करताना ‘--कंपाइल-नो-वॉर्निंग-ॲज-एरर’ देता येतं. लायब्ररीने सीमेकच्या ‘कंपाइल_वॉर्निंग_ॲज_एरर’ या प्रॉपर्टीतून तो लावला असेल तरच हे चालतं. ‘-डब्ल्यूएरर’ हा शब्दच लिहून टाकला असेल तर सीमेकला त्याचा अर्थ कळत नाही, मग नाव घेऊन दिलेला ‘-डब्ल्यू-नो-एरर=’ पहिल्या खणात घाला.

लिनक्स कर्नलबद्दल एवढंच सांगतो की तिथे ‘सीफ्लॅग्ज’शी झगडू नका, ‘केसीफ्लॅग्ज’ त्यासाठीच आहे. एका ऑब्जेक्टवरून फ्लॅग काढायचा तर मेकफाइलमध्ये ‘सीफ्लॅग्ज_रिमूव्ह_’ आणि पुढे ऑब्जेक्टचं नाव अशी सोय आहे.

सगळे मार्ग खुंटले तर कंपायलरच्या जागी स्वतःची स्क्रिप्ट ठेवा. दोन ओळी पुरतात: पहिली शेलची, दुसरीत ‘एक्झेक’ने खरा जीसीसी, त्याला आलेली सगळी आर्ग्युमेंट जशीच्या तशी, आणि शेवटी तुमचा ‘-ओ१’. खऱ्या कंपायलरचा पूर्ण पाथ लिहा, नाहीतर स्क्रिप्ट स्वतःलाच बोलवत राहील. मग ‘सीसी’ म्हणून ही स्क्रिप्ट द्या. बिल्ड सिस्टीम काहीही जुळवाजुळव करो, शेवटचा शब्द तुमचा. क्लँग वापरत असाल तर स्क्रिप्टही लागत नाही. ‘सीसीसी_ओव्हरराइड_ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फ्लॅग जोडण्याच्या, काढण्याच्या, बदलण्याच्या सूचना देता येतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ‘सीएल’ हे व्हेरिएबल ओळीच्या आधी आणि ‘_सीएल_’ ओळीच्या नंतर जोडलं जातं, म्हणजे तिथे मात करायला अंडरस्कोरवालं. हे सगळे निदानासाठी उत्तम आहेत. रोजच्या बिल्डमध्ये मी ते ठेवत नाही, कारण पुढच्या माणसाला बिल्ड फाइल वाचून फ्लॅग कळत नाहीत आणि तो बिचारा चुकीच्या जागी शोधत बसतो.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. काही फ्लॅग वेगासाठी असतात, काही बरोबर चालण्यासाठी, आणि ओळीत ते शेजारी शेजारी उभे असतात. ‘-एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ (वेगवेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच मेमरीकडे बोट दाखवू शकतात असं कंपायलरला मानायला लावणारा) दिसला तर समजा की कोड त्याच्यावर उभा आहे. कर्नल तो लावतो तो हौसेने नाही. स्ट्रक्चरची मांडणी किंवा इनमचा आकार बदलणारे फ्लॅग एका फाइलला लावून दुसरीला न लावणं म्हणजे दोघींनी एकच मेमरी वेगवेगळी वाचणं. लिंकर हे सहसा पकडत नाही. ‘-ओ०’ करायला गेलात आणि लिनक्स वितरणाकडून ‘_फॉर्टिफाय_सोर्स’ हा मॅक्रो आलेला असेल, तर ग्लिबसी ही सीची मूळ लायब्ररी ‘याला ऑप्टिमायझेशन लागतं’ अशी वॉर्निंग देते आणि ‘-डब्ल्यूएरर’ त्यावर बिल्ड पाडतो. तेव्हा तो मॅक्रोही ‘-यू’ने काढावा लागतो.

सी++मध्ये एकाच फाइलला ‘-एमएव्हीएक्स२’ (नव्या प्रोसेसरच्याच खास इन्स्ट्रक्शन वापरू देणारा) लावण्याचा मोह तर फारच फसवा. त्या फाइलने हेडरमधलं एखादं इनलाइन फंक्शन वापरलं की त्याची एव्हीएक्स२वाली प्रत तयार होते. दुसऱ्या फाइलींतही त्याच फंक्शनच्या साध्या प्रती असतात. लिंकर त्यातली एकच ठेवतो, आणि ती एव्हीएक्स२वाली निघाली तर जुन्या प्रोसेसरवर प्रोग्राम भलत्याच जागी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो, जिथे तुम्ही तो फ्लॅग लावलाच नव्हता. अशी फाइल शक्य तितकी एकटी ठेवा, तिच्यात टेम्प्लेट आणि इनलाइन हेडर आणू नका.

बदल केल्यावर लागला का हे ऑब्जेक्ट फाइललाच विचारा. जीसीसीने ‘-जी’सह बिल्ड केलं असेल तर डीबग माहितीत ‘प्रोड्यूसर’ नावाच्या नोंदीत कोड घडवणारे फ्लॅग लिहिलेले असतात. ‘रीडएल्फ --डीबग-डंप=इन्फो’ चालवून ‘प्रोड्यूसर’ शोधा. एकापेक्षा जास्त ‘-ओ’ दिसले तर शेवटचा धरा. क्लँगला यासाठी ‘-जीरेकॉर्ड-कमांड-लाइन’ वेगळा द्यावा लागतो. आणि हे तपासण्याआधी ऑब्जेक्ट खरोखर नव्याने बनला आहे ना ते बघा. निंजा कमांड बदलली की फाइल पुन्हा कंपाइल करतो, सीमेकच्या मेकफाइलही करतात. हाताने लिहिलेल्या मेकफाइलला मात्र फक्त फाइलींच्या वेळा कळतात, फ्लॅग बदलल्याचं कळत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये ‘मेक क्लीन’ न करता ‘-ओ१’ दिलात, तर अर्धे ऑब्जेक्ट जुन्या ‘-ओ३’चेच राहतील.